चिकटी

कन्ना चौकातल्या नेटकॅफेत पोरगा विचारतो,
"काय शोधायलाव, ताई?"
मी माझंच नाव सांगते.
तो हसत नाही. टाइप करतो.

श्रीलता राजेशम वडनाल.
पाऊण सेकंदात मी वर येते,
तोंडावर ओढणी, शेजारी लेडीज कॉन्स्टेबल,
खाली मथळा: पतसंस्थेत अपहार, महिला लिपिकास अटक.
सोळा वर्षं झाली. ओढणी अजून तीच, अबोली,
जिचं मी त्याच उन्हाळ्यात
फरशी पुसायचं फडकं केलं होतं.

निर्दोष सुटले त्या दिवशी
कोर्टाबाहेर एकही कॅमेरा नव्हता.
तो शब्द मी ऐकला
आणि वकिलाच्या कारकुनानं,
तोही पेढ्यासाठी थांबलेला.

छापील पेपराचं बरं होतं.
त्या गुरुवारचा अंक आठवडाभर जगला,
मग साखर पेठेत त्यात भजी बांधली गेली,
माझ्या नावावर तेल उतरलं,
मागच्या पानावरचा सिमेंटचा भाव आरपार दिसू लागला,
कुणीतरी बोटं पुसून बोळा फेकला.
गल्लीही विसरली. विडी कारखान्यातल्या बायका
वर्षभर कुजबुजल्या,
मग दुसऱ्या कुणाचं तरी निघालं.
माणसांना किती कामं असतात.
ह्या काचेला दुसरं कामच नाही.

अर्ज दीड पानाचा.
कोणती लिंक काढायची? का काढायची?
ती व्यक्ती तुम्हीच, याचा पुरावा जोडा.
म्हणजे आधी लिहून द्यायचं
की ओढणीआड मीच होते,
आधार कार्डासकट.

"सारखं सारखं शोधू नका बरं का," पोरगा म्हणतो,
"जितकं शोधाल तितकं वर येतंय ते."
आठवीतल्या लेकाच्या मोबाइलात काय वर येतं
मी विचारलेलं नाही.
त्यानंही सांगितलेलं नाही.

नाना जेकार्डची कार्डं पाडायचे.
भद्रावती पेठेत, खिडकीजवळ, पुठ्ठ्यात भोकं.
भोक तिथं धागा वर, पुठ्ठा तिथं खाली,
हजार पुठ्ठ्यांच्या माळेतून एक मोर.
एखादं भोक चुकलं तर खळ लावून
नखाएवढी कागदाची चिकटी डकवायचे,
अंगठ्यानं दाबून म्हणायचे, पोनी बिड्डा,
जाऊ दे पोरी.
मोर बिनचूक निघायचा.
त्या चादरी कुठं कुठं गेल्या,
काठावर कारखान्याचं नाव विणलेलं.
नानांचं कुठंच नाही.

मला धरलं तेव्हा ते चौकीबाहेर
कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन
चार तास उन्हात उभे होते.
पुढं एकदाही विषय काढला नाही,
जातानाही नाही.

आता अर्ज भरता भरता
मी उगाच नाव सुटं करून बघते.
फक्त, राजेशम वडनाल.
एकच उत्तर येतं.
तीच ओढणी.

एवढ्या मोठ्या माळेत
नाना एवढ्याच जागी आहेत,
माझ्या अटकेच्या वाक्यात,
माझ्या आणि आडनावाच्या मध्ये
दोघांना धरून.

"पाठवू का, ताई? अकराला लाइट जायलीय."
थांब म्हणते.
आधी ह्या पानाची एक प्रिंट काढ.
"कलर वीस रुपये, साधी पाच."
साधी काढ. रंग मला ठाऊक आहे.

कागद गरम बाहेर येतो.
मी घडी घालते, उलगडते, परत घालते,
मथळा आत जाईल, फोटो आत जाईल,
मधला एक शब्द बाहेर राहील अशी.
जमत नाही. प्रत्येक वेळी
श्रीलताचा ता सोबत येतो.

येऊ दे.
पाठव, म्हणते.